वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरं : एअरपोर्टची टॅक्सी आधीच बुक करताना

या वेळी प्रवासाच्या पानासाठी आलेल्या पत्रांत एकच विषय सारखा येत होता, एअरपोर्टला जायची आणि तिथून परत यायची टॅक्सी. तिकीट काढताना लोक कितीतरी दिवस भाव बघत बसतात, कुठली सीट, खिडकीची का कडेची, सगळं ठरतं, आणि टॅक्सी मात्र आदल्या रात्री घाईघाईत बुक होते. म्हणून हे अख्खं पान त्यालाच देतेय. एक गोष्ट पुढे परत परत येईल, ती मुद्दाम आहे : भाडं किती हे सगळेच विचारतात पण उशीर झाला तर काय ते बुक करताना कोणी विचारत नाही, आणि माणसं अडकतात ती नेमकी तिथेच.

प्रश्न : आमची इंटरनॅशनल फ्लाइट पहाटे 5.40 ला आहे. मॅपवर एअरपोर्ट 50 मिनिटं दाखवतंय. मिस्टर म्हणतात 3 ला निघू, रस्ते मोकळे असतात. मला आत्तापासूनच टेन्शन आलंय. टॅक्सीवाल्याला नेमकी कितीची वेळ द्यायची?

उत्तर : ताई, दीडची द्या. तुमचं टेन्शन अगदी बरोबर आहे. 5.40 ही विमान निघायची वेळ झाली, आपण तिथून उलटं मोजत यायचं. इंटरनॅशनलला बऱ्याच एअरलाइन्सचं चेक-इन काउंटर 1 तास आधी बंद होतं म्हणजे 4.40 ला, आणि एकदा बंद झालं की तिथली माणसं मनात असूनही काही करू शकत नाहीत. म्हणूनच 3 तास आधी या असं सांगतात, म्हणजे 2.40. त्यातून 50 मिनिटं रस्त्याची काढली की 1.50 झाले, आणि बॅगा खाली आणणं, डिकीत बसवणं, गॅस बंद केला का ते परत वर जाऊन बघणं, यात पंधरा-वीस मिनिटं कशी जातात कळत नाही. झाले दीड. 3 ला निघालात तर सगळं सुरळीत होऊनही 3.50 ला पोचाल, पुढे काउंटरची रांग, आणि वाटेत टायर पंक्चर झाला तर मग हातात काहीच उरत नाही.

मॅपवरची ती 50 मिनिटं तुम्ही कुठल्या वेळची बघितलीत हेही बघा हं. आत्ता दुपारी बघून पहाटेचा अंदाज येत नाही. गूगल मॅप्समध्ये 'अमुक वाजता पोचायचंय' असं टाकता येतं, तोच वार आणि तीच वेळ टाका, ते एकच आकडा न देता कमीत कमी ते जास्तीत जास्त असं दाखवतं, त्यातला मोठा आकडा धरा. आणि रात्री रस्ता मोकळा असतो हे अर्धंच खरं आहे, कारण रस्त्याची दुरुस्ती, पुलाची कामं मुद्दाम रात्रीच काढतात.

आता सगळ्यात महत्त्वाचं, तारीख. रात्री 12 नंतरच्या बुकिंगमध्ये जेवढे घोळ होतात तेवढे दुसऱ्या कशात होत नाहीत. समजा फ्लाइट 15 तारखेला रात्री 1.30 ची आहे, तर टॅक्सी 14 ला रात्री लागते, आणि लोक तिकिटावर 15 बघून टॅक्सीलाही 15 टाकून मोकळे होतात. तुमच्या बाबतीत तारीख तीच राहते, तरी ड्रायव्हरला नुसती तारीख सांगू नका, 'शनिवारची रात्र संपून रविवार लागतो त्या रात्री दीड वाजता' असं पूर्ण वाक्य बोला किंवा लिहून पाठवा. ऐकायला जरा जास्तच वाटतं, पण समोरच्याच्या डोक्यात चित्र पक्कं होतं.

आणि एक, बुक करताना विचारा की येणारा ड्रायव्हर त्या आधी किती तास गाडी चालवत असेल. रात्री दीड वाजता दिवसभर राबून आलेला माणूस नको, त्याच्यासाठीही नको आणि तुमच्यासाठीही नको. चांगली टॅक्सी कंपनी या प्रश्नाला वैतागत नाही.

प्रश्न : दोन ठिकाणी भाव काढला. एकाचा बराच कमी, एकाचा जास्त. गाडी दोघांची सारखीच. साहजिकच कमीवाल्याकडे जावं ना?

उत्तर : जा, पण आधी दोघांना सारखेच प्रश्न विचारा आणि उत्तर मेसेजवर घ्या. टोल यात आहे का? एअरपोर्टचं पार्किंग कोण भरणार? बऱ्याच एअरपोर्टवर आता नुसतं टर्मिनलसमोर गाडी थांबवून माणूस उतरवायचेही पैसे लागतात, ते धरलेत का? रात्रीचा जादा आकार? जादा बॅगेचे? वेटिंग किती मिनिटं फ्री आणि पुढे कसं? हे सगळं मिळवलं की पुष्कळदा दोन्ही आकडे जवळजवळ येतात. मीटरने येणारी गाडी असेल तर ट्रॅफिकचा भार तुमच्यावर आहे, ठरलेलं भाडं असेल तर त्याच्यावर, एवढा फरक लक्षात ठेवा.

परदेशात उतरणार असाल तर अजून एक बघा. काही शहरांत एअरपोर्ट टॅक्सीचं भाडं सरकारीच ठरवून दिलेलं असतं. पॅरिसला शार्ल द गोल आणि ओर्ली या दोन्ही एअरपोर्टवरून शहरात जायचं भाडं फिक्स असतं, सीन नदीच्या कुठल्या काठाला जायचंय त्यावर दोन दर. न्यूयॉर्कला जेएफके ते मॅनहॅटन पिवळ्या टॅक्सीचं मूळ भाडं ठरलेलं असतं, टोल आणि इतर आकार वेगळे. अशा ठिकाणी रांगेतली अधिकृत टॅक्सी किती घेते ते आधी माहीत करून घ्या म्हणजे प्री-बुकिंगसाठी आपण वरचे पैसे नक्की कशाचे देतोय ते कळतं. मोठी गाडी, लहान मुलाची सीट, आत येऊन बोर्ड घेऊन उभा राहणारा माणूस, यातलं काही हवं असेल तर ते वरचे पैसे रास्त आहेत. यातलं काहीच नको असेल आणि दुपारी उतरणार असाल तर सरळ रांगेतली घ्या, माझं प्रामाणिक मत.

प्रश्न : माझी आई, वय 71, पहिल्यांदाच एकटी विमानाने माझ्याकडे येतेय. गुडघे दुखतात त्यामुळे व्हीलचेअर सांगितलीय. मला त्या दिवशी सुट्टी मिळत नाहीये म्हणून टॅक्सी बुक करून ठेवणार आहे. तिला इंग्रजी जेमतेम येतं, तिचा फोन इथे चालेल का माहीत नाही. फ्लाइट लेट झाली तर? ड्रायव्हर निघून गेला तर? रात्री झोप येत नाही विचार करून.

उत्तर : दादा, तुमचं पत्र दोनदा वाचलं. याला नीट उत्तर देते, जरा लांबेल.

पहिलं काम फ्लाइट नंबरचं. टॅक्सी बुक करताना नुसती वेळ देऊ नका, फ्लाइट नंबर द्या आणि विचारा की तुम्ही फ्लाइट ट्रॅक करता का. विमानं स्वतःची जागा सतत रेडिओवरून सांगत असतात, फ्लाइटरडार24 सारख्या अ‍ॅपवर ती दिसते, त्यामुळे फ्लाइट दीड तास लेट आहे हे ड्रायव्हरला घरबसल्या कळू शकतं. फक्त यात एक मेख आहे. एकाच विमानाला कधीकधी दोन-तीन एअरलाइन्सचे नंबर असतात, कोडशेअर म्हणतात त्याला, तिकीट एका कंपनीचं आणि विमान दुसऱ्या कंपनीचं. तिकिटावर 'ऑपरेटेड बाय' असं बारीक अक्षरात असतं. ड्रायव्हरला जो नंबर द्याल तो आधी स्वतः अ‍ॅपमध्ये टाकून बघा, आईचंच विमान येतंय ना, मग पाठवा. वाटेत विमान बदलायचं असेल तर शेवटच्या विमानाचा नंबर द्यायचा, पहिल्याचा नाही, हे पण पुष्कळ जणांचं चुकतं.

दुसरं, वेटिंग. कोणी अर्धा तास फ्री देतं, कोणी तास, पण तो कधीपासून मोजायचा हा खरा प्रश्न. टाइमटेबलच्या वेळेपासून मोजत असतील तर विमान लेट झालं की तुमचा फ्री वेळ आई आकाशात असतानाच संपला. प्रत्यक्ष उतरल्यापासून मोजणाराच घ्या. आणि उतरल्यावर बाहेर यायला वेळ लागतो हो! चाकं टेकली म्हणजे माणूस बाहेर आला असं नाही, विमान गेटपर्यंत जायचं, दार उघडायचं, आणि व्हीलचेअरवाल्या प्रवाशांना साधारणपणे सगळे उतरून गेल्यावर शेवटी उतरवतात. पुढे इमिग्रेशन, बेल्टवरची बॅग, कस्टम्स. व्हीलचेअरला काही ठिकाणी इमिग्रेशनची वेगळी रांग मिळते त्याने वेळ वाचतो, पण त्यावर भरवसा ठेवून बेत आखू नका. ड्रायव्हरला सांगा, लँडिंगनंतर दीड तास धरून चाल, त्याआधी आली तर आनंदच आहे. त्या दीड तासाचे वेटिंगचे पैसे आधीच ठरवून टाका, मग तो तिथे उभा असताना त्याच्या मनात चुळबूळ नसते आणि तुमच्याही नसते.

व्हीलचेअर सांगितलीय म्हणता, ती बुकिंगमध्ये खरंच नोंदली गेलीय का ते एअरलाइनला फोन करून विचारा. जिना चढता येतो पण लांब चालता येत नाही अशा प्रवाशासाठी डब्ल्यूसीएचआर असा कोड असतो, जिनाही जमत नसेल तर डब्ल्यूसीएचएस. आईला विमानाच्या पायऱ्या चढता येतील का ते आत्ताच तिला विचारा, कारण काही वेळा विमान गेटला न लागता लांब उभं राहतं, मग पायऱ्यांनी उतरून बसने जावं लागतं. आणि व्हीलचेअर ढकलणाऱ्या माणसाने आईला कुठपर्यंत सोडायचं ते नक्की करा : अरायव्हलच्या दारातून बाहेर येऊन ड्रायव्हरच्या हातात. त्यामुळे ड्रायव्हर पार्किंगमध्ये बसून फोनची वाट बघणारा नको, आत बोर्ड घेऊन उभा राहणारा हवा. थोडे जास्त पडतात, आईसाठी द्या.

आता फोन. आईच्या सिमवर रोमिंग सुरू करून घ्या, इंटरनेट नसलं तरी चालेल पण कॉल आणि एसएमएस आला पाहिजे. एअरपोर्टचं वायफाय आहे की, असं धरून चालू नका, बऱ्याच एअरपोर्टवर वायफाय सुरू करायला फोनवर ओटीपी यावा लागतो, मेसेजच येत नसेल तर वायफायपण नाही. नंबर सेव्ह करताना अधिक चिन्ह आणि देशाचा कोड लावून करा, नाहीतर तिथून लागत नाहीत. आणि मोबाइलवर काहीही भिस्त न ठेवता एक कागद करा, मोठ्या अक्षरात, एका बाजूला मराठीत आईसाठी, दुसऱ्या बाजूला तिथल्या भाषेत किंवा इंग्रजीत दुसऱ्याला दाखवण्यासाठी. त्यावर टॅक्सी कंपनीचं नाव आणि नंबर, ड्रायव्हरचं नाव, गाडीचा नंबर, तुमचा पत्ता, तुमचा नंबर आणि अजून एका माणसाचा नंबर, कारण तुम्ही नेमके मीटिंगमध्ये असाल. एक प्रत पर्समध्ये, एक बोर्डिंग पासबरोबर. बॅगेत ठेवायला सांगू नका, बेल्टवरच्या बॅगेत तर नकोच नको.

आणि हे मात्र आईला घरी बसवून दोनदा सांगा. अरायव्हलच्या दाराशी काही लोक उभे असतात, टॅक्सी टॅक्सी करत जवळ येतात, आणि त्यातले काही म्हणतात तुमची गाडी कॅन्सल झाली, मीच आलोय तुम्हाला न्यायला. आईने स्वतःचं नाव सांगायचं नाही. समोरच्यानेच सांगायचं, कोणाला न्यायला आलात आणि कुठे. बोर्डवर आईचं पूर्ण नाव लिहायची पण गरज नाही, कारण ते तर कोणीही वाचून बोलू शकतो. तुम्ही आणि ड्रायव्हर मिळून एक शब्द ठरवा, एखाद्या फुलाचं नाव, पाळीव मांजराचं नाव, काहीही. तो शब्द जो बोलेल त्याच्याबरोबरच जायचं, आणि गाडीपाशी गेल्यावर कागदावरचा नंबर आणि गाडीचा नंबर जुळवायचा, मगच बॅग डिकीत. नंबर जुळत नसेल तर तिथूनच परत आत यायचं, व्हीलचेअरवाल्या माणसाला सोडायचं नाही तोपर्यंत.

एवढं केलंत की आई गाडीत बसल्यावर ड्रायव्हरच्या फोनवरून तुम्हाला एक कॉल करेल असं ठरवून ठेवा. तुमची मीटिंग असली तरी तो उचला.

प्रश्न : आम्ही चौघं, त्यातलं एक बाळ 11 महिन्यांचं. चार मोठ्या बॅगा आणि बाबागाडी. साधी सेडान चालेल ना? अ‍ॅपवर 4 पॅसेंजर लिहिलंय.

उत्तर : नाही चालणार. 4 पॅसेंजर हा आकडा सीटचा आहे, डिकीचा त्याच्याशी काही संबंध नाही. एअरलाइन जी मोठी बॅग घेते तिची लांबी, रुंदी, उंची मिळून 158 सेंटीमीटरपर्यंत असते, अशा दोन बॅगा सेडानच्या डिकीत नीट बसतात, तिसरी मारूनमुटकून, चौथी कोणाच्या तरी मांडीवर. मोठी एमपीव्ही (म्हणजे सीटच्या मागेही भरपूर जागा असलेली उंच गाडी) किंवा व्हॅन सांगा आणि बॅगांचा फोटो पाठवून द्या, फोटो बघितला की ड्रायव्हर लगेच हो-नाही सांगतो, वर्णनाने कळत नाही.

बाळाचं जास्त महत्त्वाचं. मांडीवर घेऊन बसू, झोपलंय ते, असं म्हणू नका प्लीज. गाडीने जोरात ब्रेक मारला तर बाळ हातात धरून ठेवण्याइतकी ताकद कोणाच्याच हातात नसते, आईच्याही नाही. नुसतं 'चाइल्ड सीट पाहिजे' म्हणालात तर तीन वर्षांच्या मुलाची सीट घेऊन येतील, म्हणून महिने, वजन आणि उंची तिन्ही सांगा. 11 महिन्यांच्या बाळाला मागे तोंड करून बसवायची सीट लागते, मुलांच्या कार सीटसाठी युरोपचा नवा आय-साइज नियम आहे, त्यात तर 15 महिन्यांपर्यंत ती सक्तीची आहे. टॅक्सीला या नियमातून कुठे कुठे सूट असते, पण ती सूट ड्रायव्हरला दंड होऊ नये म्हणून, त्याने बाळ सुरक्षित होत नाही. स्वतःची सीट असेल तर तीच न्या, बऱ्याच एअरलाइन्स ती वेगळे पैसे न घेता नेतात, आधी विचारून घ्या. आणि ती बसवायला दहा मिनिटं लागतात, तीही वेळेत धरा.

प्रश्न : जायची-यायची टॅक्सी एकदमच बुक केली तर स्वस्त पडते म्हणे. करावी का?

उत्तर : करा, फक्त परतीची म्हणजे जातानाचीच उलटी असं समजू नका. जाताना तुम्ही गाडीची वाट बघता, येताना गाडी तुमची, त्यामुळे वेटिंगचा नियम परतीला वेगळा लिहून घ्या. तिकिटावरच्या वेळा ज्या त्या शहराच्या स्थानिक वेळेत असतात आणि पोचायच्या वेळेपुढे बारीक +1 असेल तर तुम्ही दुसऱ्या दिवशी उतरताय, टॅक्सीला ती दुसरी तारीख द्यायची. अ‍ॅपवरून बुक करत असाल तर ते वेळ तुमच्या फोनची दाखवतंय का त्या शहराची हे बघा. मार्चमध्ये आणि ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये जात असाल तर अजूनच लक्ष द्या, कारण अमेरिकेत घड्याळं मार्चच्या दुसऱ्या आणि नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी बदलतात, युरोपात मार्च आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी, मधल्या आठवड्यांत लंडन-न्यूयॉर्कमधला नेहमीचा 5 तासांचा फरक 4 तासांचा झालेला असतो.

एअरपोर्टचं नावही पूर्ण लिहा. नुसतं 'टोकियो एअरपोर्ट' म्हणून चालत नाही, हानेदा शहरातच आहे आणि नारिता साधारण 60 किलोमीटर लांब. लंडनला हीथ्रो, गॅटविक, स्टॅनस्टेड, ल्यूटन सगळे वेगवेगळ्या दिशांना. बऱ्याचदा जाताना एका एअरपोर्टवरून आणि येताना दुसऱ्यावर असं स्वस्त तिकीट मिळतं, आणि टॅक्सी मात्र दोन्हीकडे एकच टाकलेली. टर्मिनल कुठलं तेही आदल्या दिवशी एअरलाइनच्या साइटवर परत बघा.

प्रश्न : विमान भलत्याच एअरपोर्टवर उतरवलं तर बुक केलेल्या टॅक्सीचे पैसे बुडाले का?

उत्तर : टॅक्सीवाल्याचा नियम काय त्यावर आहे, म्हणून बुक करतानाच विचारा की फ्लाइट रद्द झाली किंवा वळवली तर किती कापणार आणि किती तास आधी कळवायचं. पण त्या वेळी टॅक्सीच्या पैशांमागे लागण्याआधी एअरलाइनच्या काउंटरवर जा. विमानप्रवाशांच्या हक्कांचा युरोपियन युनियनचा 2004 चा 261 नंबरचा नियम लागू होत असेल तर एकाच शहराच्या दुसऱ्या एअरपोर्टवर नेल्यास मूळ एअरपोर्टपर्यंत किंवा जवळच्या ठरलेल्या ठिकाणी पोचवायचा खर्च एअरलाइनचा असतो, आणि रात्र काढावी लागली तर हॉटेलपर्यंत नेण्या-आणण्याचाही. स्वतःहून गाडी करावीच लागली तर पावती मागून घ्या, तारीख, वेळ, कुठून कुठे हे त्यावर असू द्या. आणि ज्या ड्रायव्हरला तुम्ही बुक केलं होतं त्याला आधी एक फोन करा, तो बिचारा तिकडे दारात बोर्ड धरून उभा असेल.

प्रश्न : ठरलेल्या वेळेला टॅक्सी आलीच नाही तर किती वेळ थांबायचं?

उत्तर : हे त्या वेळी ठरवायचं नसतं, तेव्हा डोकं चालत नाही. आदल्या संध्याकाळी ड्रायव्हरचं नाव आणि गाडीचा नंबर मागवा, ते कळवलं नाही तर रात्रीच दुसरी सोय बघा. पिकअपच्या अर्धा तास आधी त्याला फोन करा, कुठे आहेस म्हणून. उचलला नाही तर कंपनीला, आणि पिकअपची वेळ होऊन 10 मिनिटं झाली आणि गाडी दिसत नसेल तर दुसरी मागवा, पहिली येतेच आहे, पाच मिनिटांत पोचतोय, असं तो कितीही म्हणाला तरी. दुसरी कुठून मागवायची तो नंबर किंवा अ‍ॅप आधीच तयार ठेवा, पेमेंटसकट.